दहा फुटांत दीड इंच

गिऱ्हाइकांनी मला आजवर बरंच काही ऐकवलंय. फरशीचा रंग नमुन्यासारखा नाही, सांधे जाड दिसतात, तुमच्यामुळे दार घासायला लागलं. एकतीस वर्षं फरश्या बसवतोय, असल्या बोलण्याने मला आता काही होत नाही. पण आकाश वाकडं केल्याचा ठपका माझ्यावर पहिल्यांदाच आला, तोही मंगळवारी संध्याकाळी, पहिला घास तोंडात असताना.

फोनवर नकाशेवाल्या बाई होत्या. आयुष्यभर सरकारी कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेल्या आणि जुन्या दुमजली घरात एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या गच्चीचं काम मी नुकतंच संपवलं होतं.

"मिस्त्री, फरशी सुंदर झालीय," त्या म्हणाल्या. "पण माझं आकाश वाकडं झालंय. उद्या उजेड असताना या. मी रागावलेले नाही. म्हणजे आहे, पण उद्यापर्यंत कमी होईल."

"कोणाचा फोन?" बायकोने विचारलं.

"आकाश वाकडं झालंय म्हणतात."

"आपण तर फक्त गच्ची केली," ती म्हणाली आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

माझी बायको माझ्याबरोबरच काम करते. मी फरशी बसवतो, ती माल कालवते आणि सांधे भरते. कामाची सगळी मापं माझ्या वहीत असतात आणि माझ्या सगळ्या चुका तिच्या डोक्यात.

आता ती गच्ची कशी होती ते सांगतो. खालच्या खोलीत पाणी झिरपत होतं, कारण वर ढाळच नव्हता. जमीन ताटासारखी सपाट, पाणी पडलं की तिथेच डबकं. लांबचा कठडा तर कोणी डोळे मिटून बांधला होता देव जाणे, दहा फुटांत दीड इंच बाहेर गेलेला. आम्ही काम सुरू केलं तेव्हा बाई दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. तिथून त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, "गच्चीच्या मधोमध तीन पितळी टिकल्या बसवल्यात. त्यांना हात लावू नका. त्यांच्या कडेने फरशी घाला."

मी "हो" म्हणालो. आणि मग हात लावला. कडेने फरशी घालायची म्हणजे मधोमध खड्डा राहणार, आणि माझ्या कामात खड्डा राहिला तर मला झोप लागत नाही. मी टिकल्या उपटायच्या आधी कोपऱ्यापासून त्या लांबच्या कठड्याच्या बाजूने किती आणि कठड्यापासून आत किती, अशी तिघींची मापं सुतापर्यंत, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शापर्यंत, वहीत उतरवली. फरशी झाल्यावर त्याच मापांनी त्या परत बसवल्या. इतकं नेटकं काम केलं होतं की मी बायकोला मुद्दाम वर बोलावून दाखवलं होतं. ती "छान" म्हणाली होती. तिच्या "छान"चे दोन प्रकार आहेत. हा दुसरा होता.

बुधवारी दुपारी आम्ही दोघं पोचलो. गच्चीवर एक बुटकी तिपाई उभी होती, तिचे तीन पाय माझ्या तीन टिकल्यांवर. तिपाईवर एक जड, काळं, तिरपं यंत्र आणि त्यावर दुर्बीण. शेजारी खुर्चीत बाई, हातात काठी.

"माप चुकलं असेल तर मी नाव बदलीन," मी आल्याआल्याच म्हणालो आणि वही उघडली.

"बसा आधी," बाई म्हणाल्या. "तुमचं माप नाही चुकलं, मी माझ्या जुन्या आकड्यांशी टेपने ताडून पाहिलंय. म्हणूनच तर कोडं आहे."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आपली पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकताना दिसतात. दुर्बीण एका ताऱ्यावर धरून ठेवायची तर तिला पृथ्वीच्या उलट, त्याच गतीने फिरवावं लागतं. त्या काळ्या यंत्राला माउंट म्हणतात. त्यात एक आस आहे, त्याला मोटर लावलीय. तो आस पृथ्वीच्या आसाला तंतोतंत समांतर असला, की मोटर चालू करायची आणि तारा जागचा हलत नाही. थोडा जरी वाकडा असला तरी तारा हळूहळू सटकतो.

"तुमचा गुण्या भिंतीला लावतात," त्या म्हणाल्या. "माझा पृथ्वीच्या आसाला लावावा लागतो."

गुण्या म्हणजे आमचा काटकोन. बाईंना तो शब्द माहीत आहे हे बघून मी जरा नरमलो.

पूर्वी हे काम सोपं होतं म्हणे. त्या आसातच एक छोटी दुर्बीण असते, तिच्यातून ध्रुवतारा बघायचा आणि त्याला ठरल्या जागी आणायचं. पण मग उत्तरेला सात मजली इमारत उभी राहिली. "माझा ध्रुवतारा आता त्यांच्या पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात राहतो," बाई म्हणाल्या. तेव्हा त्यांनी अकरा संध्याकाळी गुडघ्यांवर बसून दुसऱ्या पद्धतीने आस लावला आणि पायांच्या जागा कायमच्या राहाव्यात म्हणून त्या तीन टिकल्या बसवल्या. "आता पाय टिकलीवर ठेवला की झालं, असं होतं. काल ठेवला, तर तारा पाच मिनिटांत निघून गेला. आणि आता हे नवे गुडघे मला जमिनीवर बसू देत नाहीत."

"एवढंच ना? उत्तर दिशाच हवी ना?" मी फोन काढला आणि त्यातलं होकायंत्र उघडलं. "ही बघा उत्तर."

"दोन पावलं डावीकडे सरका," बाई म्हणाल्या.

मी सरकलो. उत्तरही सरकली.

"स्लॅबमध्ये सळया आहेत," त्या म्हणाल्या. "आणि सळया नसत्या तरी ती चुंबकाची उत्तर. पृथ्वीच्या आसाची वेगळी असते. हल्ली कॅमेरा आणि कॉम्प्युटर लावला की दोन मिनिटांत सगळं सांगतो. माझ्याकडे कॉम्प्युटर म्हणजे मीच."

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मी फोन खिशात टाकला.

"बाई, घाई काय आहे पण? सावकाश लावू की," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी शनिवारचं सांगितलं. शनिवारी संध्याकाळी सात बेचाळीसला एक लघुग्रह, म्हणजे आकाशातला एक मोठा दगड, एका बारीक ताऱ्यासमोरून जाणार होता. काही सेकंद तारा विझणार. त्या दगडाचा आकार कोणालाच माहीत नाही, कुठल्याही दुर्बिणीतून तो ठिपकाच दिसतो. म्हणून चौदा माणसं चौदा गावांत, एका ओळीत, दुर्बिणी लावून बसणार होती. तारा कोणाकडे किती सेकंद विझला, त्यावरून दगडाची एकेक रेघ मिळते, आणि चौदा रेघा जोडल्या की आकार. ओळीत पाचवी जागा बाईंची होती.

"तारा इतका फिका आहे की नुसता शोधून सापडायचा नाही," त्या म्हणाल्या. "माउंटवर अंशांच्या तबकड्या आहेत, आकडे लावून तिथे जायचं. आस वाकडा असेल तर तबकडी मला भलत्याच ताऱ्यावर नेऊन सोडेल. आणि अंधार पडल्यापासून जेमतेम पंचवीस मिनिटं. तेव्हा नीट करत बसायला वेळ नाही. मी चौदा महिने या तारखेची वाट बघतेय, मिस्त्री. ऑपरेशन त्याच्याआधी उरकून घेतलं ते याचसाठी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या गिऱ्हाइकाशी मला भांडता येतं. मला खरोखर लाज वाटली, आणि लाज वाटली की मी कामाची बढाई मारायला लागतो, ही माझी खोड आहे.

"फरशीत दोष नाही," मी म्हणालो. "हे बघा." मी मगभर पाणी आणून तिपाईजवळ ओतलं. पाणी क्षणभर थांबलं आणि कुठेही न अडखळता सरळ नळीच्या दिशेने निघालं. बघत राहावं असा ढाळ! दहा फुटांत दीड इंच, ना जास्त ना कमी.

बाई खुर्चीतून वाकून पाण्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"हे कुठे चाललंय?"

"नळीकडे."

"नळी कुठे आहे?"

"त्या कठड्याला."

"ती उत्तर आहे, मिस्त्री. आधी पाणी कुठे जायचं?"

"आधी कुठेच जायचं नाही. डबकं साचायचं."

"म्हणजे आधी तिपाई सपाटीवर होती," बाई सावकाश म्हणाल्या. "आता ती उत्तरेला झुकलीय. आसाचं टोक खाली गेलंय."

मी पाण्याकडे बघितलं, तिपाईकडे बघितलं, आणि माझाच ढाळ माझ्या अंगावर आला.

पण रोग कळला की औषध असतं. मी फरशीचे पातळ तुकडे घासले, खालच्या अंगाच्या पायांना दिले, लेव्हल लावून तिपाई सपाट केली. सव्वासातला अंधार पडला. बाईंनी दक्षिणेकडचा एक ठळक तारा धरला, डोळा लावायच्या भिंगातल्या दोन बारीक तारांच्या फुलीवर आणला, मोटर चालू केली.

"बघा," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यात पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावला. काळ्या पाण्यात पडलेल्या दिव्यासारखा तारा थरथरत होता, बरोबर फुलीवर. "जागच्या जागी आहे की!" मी ओरडलो.

"थांबा. बघत राहा."

मी बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग वाटलं आपला डोळा हलला. मग खात्री झाली, तारा आडव्या तारेवरून उतरलाय. कोणी ढकललं नव्हतं, वारा नव्हता. तो आपला सावकाश, एकाच दिशेने सटकत होता. आणि मला ते ओळखीचं वाटलं. हेच तर मी रोज करतो. मगभर पाणी ओततो, गप्प उभा राहतो, आणि जमीन जे लपवते ते पाणी सांगतं.

"बाई, हा ढाळ आहे," मी म्हणालो.

"ढाळच आहे. या पद्धतीत तेच करतात. तारा सोडायचा आणि तो कुठे वाहतो ते बघायचं. दक्षिणेचा तारा दक्षिणेलाच उतरतोय, म्हणजे आस पूर्वेकडे वळलाय. उंचीचा दोष दुसरा तारा सांगतो, पूर्वेला खाली असलेला."

"वळणार कसा? मापं सुतात आहेत!"

"मापं घेतली कशावरून?" हा आवाज बायकोचा होता. ती पाण्याच्या टाकीजवळ बसून आमची गंमत बघत होती.

"लांबच्या कठड्यावरून."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? लांबचा कठडा एकच आहे."

"एकच कसा? टिकल्या उपटल्या तेव्हाचा जुना, आणि बसवल्या तेव्हाचा नवा. मध्ये तुम्हीच तो गुण्यात आणलात ना? या टोकाला गिलावा नखाएवढा आणि त्या टोकाला दीड इंच जाड. चार घमेली माल जास्त लागला, कालवून माझे हात भरून आले होते. मला चांगलं आठवतंय."

वाकडा कठडा मी सरळ केला होता. कोणी सांगितलं नव्हतं, मला बघवलं नाही म्हणून. आणि त्या सरळ कठड्यावरून वाकड्या कठड्याची मापं लावली होती, सुतापर्यंत! तीनही टिकल्या इमानेइतबारे कठड्याबरोबर फिरल्या होत्या.

बाई मोठ्याने हसल्या. "म्हणजे तुम्ही जमीन सुधारलीत, भिंत सुधारलीत, आणि दोन्ही सुधारणा माझ्या अंगाशी आल्या."

"त्या दिवशी 'छान' म्हणालीस, तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी बायकोवर उखडलो.

"तेव्हा मला काय माहीत टिकल्या कशाच्या आहेत? मला वाटलं काही देवाधर्माचं असेल."

गुरुवारी ढगांनी खोडा घातला. मी गच्चीवर जाऊन दोन तास ढगांकडे डोळे वटारून परत आलो. शेजारच्या घराचं काम थांबवून आलो होतो, त्यांचे बोल वेगळे खाल्ले.

शुक्रवारी आकाश धुतल्यासारखं निघालं. माउंटच्या बुडाशी दोन बाजूंना दोन बोल्ट असतात, एक सैल करून दुसरा आवळला की आस पूर्व-पश्चिम हलतो. मागे एक बोल्ट, त्याने टोक वर-खाली होतं. बाई खुर्चीत बसून बघतात म्हणून तिपाई बुटकी, आणि बोल्ट जमिनीपासून वीतभर. तिथे बसायला गुडघे लागतात. माझा सगळा जन्म गुडघ्यांवर गेलाय. मी माझे रबरी गुडघे बांधले आणि बसलो.

"दक्षिणेचा तारा धरलाय," वरून बाईंचा आवाज. "उतरतोय. पश्चिमेकडे वळवा. अर्धा फेरा."

मी डावा सैल केला, उजवा आवळला.

"थांबा. आता बघू दे." पाच मिनिटं गेली. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "अजून उतरतोय, पण दमाने. पाव फेरा."

मग, "आता चढायला लागला. जास्त झालं. मागे या, केसभर."

बोल्ट केसभर फिरवणं म्हणजे काय ते मला विचारा. फिरवला असं हाताला वाटलं पाहिजे आणि डोळ्याला दिसता कामा नये. तासाभराने दक्षिणेचा तारा गप्प बसला. मग पूर्वेचा. त्याने सांगितलं की माझे तुकडे पुरते बरोबर नव्हते, टोक अजून जरासं खाली होतं. ते उचललं. उचलल्यावर पुन्हा दक्षिणेचा बघितला, कारण एक दुरुस्त केलं की दुसरं थोडं बिघडतं. हेही मला नवीन नव्हतं. तीनदा इकडे, तीनदा तिकडे. बायकोने मध्ये चहा आणून दिला तो मी तिथेच गुडघ्यांवर बसून प्यायलो.

शेवटी बाई म्हणाल्या, "वीस मिनिटं झाली. हललेला नाही."

मी उठलो. हलूच नये म्हणून तिन्ही पायांच्या कडेने खडूने रेघ मारली आणि बायकोला म्हणालो, "आता इकडे कोणी फिरकायचं नाही. तूसुद्धा."

"मी कशाला फिरकू? मला काही सुधारायचं नसतं," ती म्हणाली.

शनिवारी आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. सातला दोघं हजर होतो. बाईंनी फोनवर सेकंदांची टिकटिक लावली होती आणि शेजारी आवाज टिपायचं यंत्र. तारा विझला की "गेला" म्हणायचं, परत दिसला की "आला". टिकटिक आणि आवाज एकत्र टिपले की वेळ कळते. त्यांनी तबकड्यांवर आकडे लावले, डोळा लावला, आणि मग हातातल्या नकाशाशी तारे पडताळले. त्यांचे खांदे खाली आले. "आहे," त्या म्हणाल्या. "फुलीच्या शेजारीच आहे."

सात चाळीस. सात एक्केचाळीस. बायकोने माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत, म्हणजे तिघांत.

सात बेचाळीस. टिकटिक चालूच. बाई काही बोलल्या नाहीत. सात त्रेचाळीस झाले. चव्वेचाळीस. बाई तशाच, डोळा लावून. सेहेचाळीसला त्यांनी यंत्र बंद केलं.

"विझला नाही," त्या म्हणाल्या.

भलताच तारा. माझी खडूची रेघ, माझे तुकडे, माझा केसभर. चौदा महिने या बाईने वाट बघितली आणि मी तिला भलत्याच ताऱ्यासमोर बसवलं. "बाई, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात."

"चुकलं कशावरून?" त्या वळल्या. "दगड आपल्या बाजूने निसटून गेला असेल. न विझणं हेही उत्तरच असतं, मिस्त्री. दगड इथवर येत नाही, असं ते उत्तर. खोलीचा नकाशा काढायचा तर भिंत कुठे संपते तेही कळावं लागतं."

"मग चांगलंच झालं की," बायको म्हणाली.

"एका अटीवर." बाईंनी फोनवर आलेला, त्या चौदा जणांच्या मंडळाचा फॉर्म उघडला आणि वाचून दाखवला. "तारा विझला नसल्यास: निरीक्षण योग्य ताऱ्याचंच होतं याची खात्री आहे का? हो किंवा नाही. मी नकाशाशी ताडून बघितलाय. पण सहा फिके ठिपके एकमेकांसारखे असू शकतात. मी तबकडीवर विसंबले, आणि तबकडी आसावर. आस तुम्ही लावलाय. तुम्हीच सांगा. हो लिहू?"

बुधवारी विचारलं असतं तर मी वही आपटून हो म्हणालो असतो. आता वहीला हातही लावला नाही. मी "हो" म्हणून एकदा बाईंचा घात केला होता.

"आधी पाणी ओतून बघू," मी म्हणालो.

बाईंना लगेच कळलं. त्यांनी एक ठळक, नावाचा तारा निवडला, दुर्बीण दुसरीकडे फिरवून तबकड्यांवर त्याचे आकडे लावून परत आणली. तो दिसला, फुलीला चिकटून. त्याला फुलीवर ठेवला आणि मला खुर्चीत बसवलं. मी डोळा लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा डोळा बदलला. पंचवीस मिनिटं मी त्या ताऱ्याकडे बघत होतो आणि तो फुलीवर थरथरत जागच्या जागी होता. खाली पृथ्वी फिरत होती, मी बसवलेल्या फरशीसकट, आणि तो हलला नाही.

"लिहा," मी म्हणालो. "हो."

त्यांनी लिहिलं. मग पुढची ओळ वाचून माझ्याकडे बघितलं. "निरीक्षक माझं नाव लिहिलं. माउंट कोणी लावला, असं विचारलंय. तुमचं पूर्ण नाव काय?"

एकतीस वर्षांत मी किती घरांच्या जमिनी केल्या ते मोजलेलं नाही. सगळीकडे मी मिस्त्री किंवा फरशीवाला. पूर्ण नाव कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"तिचंही घाला," मी बायकोकडे बोट दाखवलं. "कठड्याची चूक तिने शोधून काढली."

दहा दिवसांनी बाईंनी गच्चीवर बोलावून कागद दाखवला. त्यावर तेरा रेघा बटाट्यासारख्या आकारातून कापत गेल्या होत्या, तारा विझला तेवढ्या जागी तुटलेल्या, आणि एक रेघ, पाचवी, सलग होती. चौथी आणि सहावी दगडाला अगदी टोकांवर कापत होत्या, आणि आमची त्यांच्या मधून, दगडाला न शिवता गेली होती. त्या जागी सगळ्यांना भरीव दगड वाटला होता. तिथे फट होती. दगड एक नव्हता, शेजारी शेजारी दोन होते.

"पाचवी रेघ नसती, तर त्यांनी इथे दोन्ही जोडून एकच दगड काढला असता," बाई म्हणाल्या.

मी त्या फटीवर बोट ठेवलं. मी असतो तर तेच केलं असतं, बुजवून टाकली असती. रेघेच्या टोकाला बारीक अक्षरांत तीन नावं होती. बायकोने कागद हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि तिचं नाव दोनदा वाचलं.

"छान," ती म्हणाली. हा पहिला प्रकार होता.